घरात समुद्र उभा करायचाय? मग आधी लाइटचं गणित समजून घ्या

रील्स स्क्रोल करताना एखादा रीफ टँक समोर आला की अंगठा थांबतोच. निळ्या अंधारात हिरवे, केशरी, गुलाबी प्रवाळ पेटल्यासारखे चमकत असतात, मधूनच एखादा क्लाउनफिश डोकावतो आणि खाली कमेंट्समध्ये पुन्हा पुन्हा तोच प्रश्न असतो, "भावा, लाइट कुठला वापरलायस?"

प्रश्न योग्यच आहे. मोठ्या रीफ टँकच्या खर्चात लाइटचा वाटा मोठा असतो आणि तिथे चुकलं तर पैशांबरोबर जिवंत प्राणीही जातात. पण कमेंटमध्ये मिळालेलं मॉडेलचं नाव तुमच्या टँकला लागू पडेलच असं नाही. त्याचं कारण प्रवाळ जेवतो कसा, यात दडलंय.

प्रवाळ हा प्राणी आहे, जेलीफिशच्या नात्यातला. पण त्याच्या शरीरात, अगदी पेशींच्या आत, झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाळ भाडेकरूसारखं राहतं. हे शैवाळ प्रकाशावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. रीफ बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांची ऊर्जेची बरीचशी गरज या भाड्यावरच भागते. म्हणजे रीफ टँकचा लाइट हा शोभेचा दिवा नसून प्रवाळांचा रोजचा डबा आहे.

डबा कमी पडला तर प्रवाळ एका दिवसात मरत नाही. आधी तपकिरी पडतो, वाढ थांबते, मग आठवड्यागणिक खंगत जातो. उलट प्रकाश झेपण्यापलीकडे गेला तर शैवाळाच्या आत घातक ऑक्सिजन संयुगं तयार व्हायला लागतात आणि प्रवाळ भाडेकरूंनाच बाहेर काढतो. रंग देणारं शैवाळ गेलं की खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. बातम्यांमध्ये आपण ज्याला ब्लीचिंग म्हणतो ते हेच. समुद्रात ते प्रामुख्याने तापलेल्या पाण्यामुळे होतं. घरच्या टँकमध्ये नवा दणकट लाइट पहिल्याच दिवशी १०० टक्क्यांवर लावला तरी होतं, आणि ते काही दिवसांत होतं.

सगळं इतकं निळं का?

समुद्राचं पाणी पांढऱ्या उन्हातला लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच गिळून टाकतं. खोलवर जातो तो निळा. प्रवाळातल्या शैवाळाची रंगद्रव्यंही, म्हणजे क्लोरोफिल ए, क्लोरोफिल सी-२ आणि पेरिडिनिन, मुख्यतः निळ्या-हिरवट पट्ट्यातला प्रकाश पकडतात. म्हणून गोड्या पाण्यातल्या वनस्पतींच्या टँकचा लालसर-पांढरा लाइट उचलून रीफवर लावला तर प्रवाळांना हवा तो भाग कमी मिळतो आणि काचेवरचं नको असलेलं शेवाळ मात्र माजू शकतं.

हे आपल्या किनाऱ्यावरच पाहता येतं. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून बऱ्याच आत, विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेली आंग्रिया बँक आहे. या बुडालेल्या पठाराचा माथाच पाण्याखाली साधारण २० मीटरवर, तरी तिथे प्रवाळ आहेत, स्वच्छ पाण्यातून उतरणाऱ्या निळ्या उजेडावर. मालवणच्या किनाऱ्यालगतचे प्रवाळ त्यापेक्षा कितीतरी उथळ पाण्यात आहेत, पण ते पाणी गढूळ आणि पावसाळ्यात तर हात दिसणार नाही असं. म्हणजे 'प्रवाळाला किती प्रकाश लागतो' याला एक उत्तर नाही. तो कुठून आलाय आणि कोणत्या जातीचा आहे, ते बघावं लागतं.

निळ्याचा दुसरा उपयोग मात्र थेट आपल्या डोळ्यांसाठी आहे. अनेक प्रवाळांत फ्लुरोसंट प्रथिनं असतात. ती निळा प्रकाश शोषून हिरवा, केशरी, लाल प्रकाश बाहेर टाकतात. हे प्रकरण हौशी लोकांपुरतं नाही. जेलीफिशमध्ये सापडलेल्या हिरव्या फ्लुरोसंट प्रथिनाच्या कामासाठी ओसामू शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पेशींच्या संशोधनात वापरलं जाणारं डीएस-रेड हे लाल प्रथिन तर डिस्कोसोमा या 'मशरूम' जातीतून मिळालं, जी आज कितीतरी घरगुती टँकमध्ये आहे.

इथेच रील्स फसवतात. गडद निळ्या लाइटमध्ये बहुतेक प्रवाळ चमकतात, अगदी आजारी असलेलेसुद्धा. वर मोबाइलच्या लेन्सला केशरी फिल्टर, त्यावर थोडं एडिटिंग, आणि टँक परग्रहावरचा वाटायला लागतो. दुकानात प्रवाळ घेताना निळा बंद करून पांढऱ्या प्रकाशात दाखवायला सांगा. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर तेही एक उत्तरच समजा.

वॅट, ल्युमेन, केल्विन: डब्यावरचे आकडे

वॅट म्हणजे लाइट वीज किती खातो. तो प्रकाश किती देतो, हे त्यावरून कळत नाही. ल्युमेन आणि लक्स ही मापं माणसाच्या डोळ्यावर बेतलेली आहेत आणि आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा सगळ्यात ठळक दिसतो. त्यामुळे प्रवाळाच्या कामाचा निळा प्रकाश या मापात जवळपास हिशेबाबाहेर राहतो. मोबाइलमधली लक्स मोजणारी ॲप्स रीफसाठी निरुपयोगी का, याचं उत्तर मिळालं असेल. केल्विनचा आकडा रंगाची छटा सांगतो. १०,००० म्हणजे थंड पांढरा, २०,००० म्हणजे बऱ्यापैकी निळा. ताकद त्यातूनही कळत नाही.

कामाचं माप म्हणजे पीएआर. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी असा किती प्रकाश एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतो, ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २,००० च्या आसपास जातो. हे वाचून काहीजण टँकमध्येही तेवढाच आणायच्या मागे लागतात. गरज नसते. बऱ्याच प्रवाळांचं प्रकाशसंश्लेषण काही शेकड्यांतच पूर्ण क्षमतेला पोचतं. त्यावरचा प्रकाश वाया जातो किंवा इजा करतो.

हौशी लोकांत रुळलेले अंदाज असे: मशरूम, झोअँथिड आणि लेदरसारख्या मऊ प्रवाळांना ५० ते १५०. युफिलियासारख्या मोठ्या तोंडाच्या कठीण प्रवाळांना ८० ते २००. ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा अशा लहान तोंडाच्या, फांद्या किंवा थर धरणाऱ्या कठीण प्रवाळांना २०० ते ३५०. हे कायदे नाहीत, सुरुवातीचे खांब आहेत.

पीएआर मोजायला मीटर लागतो. अपोजी कंपनीचा एमक्यू-५१० पाण्याखाली मोजण्यासाठीच बनवलाय, पण स्वस्त नाही. म्हणून विकत घेण्यापेक्षा शहरातल्या मरीन हौशींच्या ग्रुपमधून दोन दिवसांसाठी मागून आणणं शहाणपणाचं. टँकमध्ये दगड रचून झाले की पृष्ठभागाजवळ, मधल्या उंचीवर आणि वाळूवर, डावीकडून उजवीकडे दर फुटाला एक असं मोजा आणि कागदावर नकाशा काढा. हा कागद हजारो रुपयांचे प्रवाळ वाचवतो.

मोजण्याचं महत्त्व ज्यांनी या जगाला पटवलं त्यात एक नाव आपल्याला ओळखीचं वाटेल असं आहे, संजय जोशी. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक आणि घरी ५०० गॅलनचा, म्हणजे जवळपास १,९०० लिटरचा रीफ टँक. मेटल हॅलाइड दिव्यांच्या जमान्यात त्यांनी बल्ब आणि बॅलास्टच्या जोड्या एकामागून एक उपकरणाखाली मोजल्या आणि आकडे सगळ्यांसाठी छापले. त्यातून दिसलं की तोच बल्ब दुसऱ्या बॅलास्टवर लावला की प्रकाश बदलतो, आणि केल्विनचं लेबल सारखं असलेले दोन बल्ब प्रत्यक्षात सारखे नसतात. पुढे त्यांनी स्वतःचा टँकही एलईडीवर नेला. आकड्यांवर चालणाऱ्या माणसाने केलेला हा बदल म्हणून अनेकांना तो दिलासा वाटला, कारण एलईडीवर ॲक्रोपोरा जगतो का, यावर तेव्हा जोरदार भांडणं चालायची.

सहा फुटी टँक धरून चालू

१८० सेंटीमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच. काठोकाठ भरला तर ६४८ लिटर. एवढ्या टँकला पर्याय तीन.

मेटल हॅलाइड म्हणजे २५० किंवा ४०० वॅटचा एकेक झगझगीत बल्ब. पाण्यावर उन्हासारखी लाटांची जाळी नाचते, तिची सर कशालाच नाही हे जुने लोक सांगतात ते खरंच आहे. पण उष्णता प्रचंड, बल्ब साधारण वर्षाने बदलायचा आणि आता चांगला माल मिळणंही अवघड. टी-५ म्हणजे बारीक ट्यूब. सहा फुटी टँकवर ८० वॅटच्या आठ ट्यूब मावतात. प्रकाश इतका सारखा पसरतो की प्रवाळाच्या खालच्या बाजूलाही पोचतो. तोटा म्हणजे वर्षाच्या आत ट्यूब बदलण्याचा खर्च, आणि उजेड कमी-जास्त करायची सोय बहुतेक फिक्स्चरमध्ये नसते.

तिसरा एलईडी. हा इथवर पोचला तो निळ्या एलईडीमुळे, ज्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज रेडिऑन, हायड्रा, केसिल ही नावं सतत कानावर येतात. प्रत्येक रंग वेगळा कमी-जास्त करता येतो, मोबाइलवरून वेळापत्रक लावता येतं.

आता बिल. तीन २५० वॅटचे मेटल हॅलाइड, बॅलास्टचा खर्च धरून सुमारे ८२५ वॅट, रोज ८ तास, म्हणजे महिन्याला साधारण १९८ युनिट. आठ टी-५, ६४० वॅट, १५४ युनिट. २०० वॅटचे तीन एलईडी सरासरी ६० टक्क्यांवर चालवले तर ३६० वॅट, ८६ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर अनुक्रमे १,९८०, १,५४० आणि ८६० रुपये. शिवाय महाराष्ट्रात घरगुती दर स्लॅबने वाढतो, म्हणजे टँकची ही युनिट्स तुमच्या बिलाच्या सगळ्यात महाग टोकाला जाऊन बसतात.

आणि हे नुसतं लाइटचं झालं. रीफचं पाणी २५-२६ अंशांच्या आसपास ठेवायचं असतं. मुंबई-पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये हवाच त्याहून गरम, म्हणून चिलर लागतो. वरून मेटल हॅलाइड तापत असेल तर तीच उष्णता बाहेर काढायला चिलर आणखी वीज खातो. एलईडीही तापतो, पण त्याची बरीचशी उष्णता वरच्या हीटसिंकमधून निघून जाते. आपल्याकडच्या हवेत माझं मत सरळ एलईडीच्या बाजूने आहे. थंड देशात, बेसमेंटमध्ये टँक असलेल्या माणसाचं गणित वेगळं असू शकतं.

पण एलईडीची एक खोड आहे आणि मोठ्या टँकमध्ये ती जास्त नडते. छोट्या जागेतून येणारा प्रकाश टॉर्चसारखा पडतो. लाइटच्या बरोबर खाली ४०० आणि फुटभर बाजूला १२०, असं होतं. फांद्यांचा प्रवाळ मोठा झाला की स्वतःचीच सावली स्वतःच्या बुडावर पाडतो आणि तो भाग मरायला लागतो. म्हणून एका ताकदवान लाइटऐवजी कमी ताकदीचे दोन घेणं मोठ्या टँकमध्ये नेहमी बरं. ढोबळमानाने एक लाइट ६० बाय ६० सेंटीमीटरचा भाग नीट सांभाळतो, म्हणजे सहा फुटाला तीन, फक्त ॲक्रोपोरा ठेवणार असाल तर चारही. पाण्यापासून २०-३० सेंटीमीटर वर टांगा. उंच केला की पसरतो, पण तीव्रता उतरते. काही जण कडेने दोन-चार टी-५ किंवा लांब एलईडी पट्ट्या लावून सावल्या भरून काढतात, ही जोडी मला सगळ्यात समंजस वाटते. आणि टँक बनवायला टाकण्याआधी वरच्या काचेच्या आडव्या पट्ट्या कुठे येणार ते बघा. लाइट नेमका पट्टीवर आला तर तुम्ही काचेला उजेड देत बसाल.

भारतात हा प्रश्न कायद्यापासून सुरू होतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सगळे सी-फॅन आहेत. पहिली अनुसूची म्हणजे वाघ ज्या यादीत आहे ती. समुद्रातून काढलेला असा तुकडा विकणं, बाळगणं हा गुन्हा आहे आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी किमान ३ वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा दगडही पुष्कळदा मेलेल्या प्रवाळाचाच असतो. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली येतो, म्हणजे परदेशात वाढवलेला प्रवाळ असला तरी कागदपत्रं लागतात. "सगळेच ठेवतात" हे कागदपत्र नाही.

याचा लाइटशी थेट संबंध आहे. अमेरिकेतल्या यूट्यूबरचा सेटअप ॲक्रोपोरासाठी, ३०० पीएआरसाठी बांधलेला असतो. तुम्ही कायद्यात राहून मशरूम, झोअँथिड, लेदर असे प्रवाळ ठेवणार असाल तर त्यांना त्याच्या निम्मा, काहींना तर तिसरा हिस्सा पुरतो. मग तोच महागडा लाइट आणून ३० टक्क्यांवर चालवण्यापेक्षा मध्यम ताकदीचे तीन लाइट घ्या आणि उरलेल्या पैशांतून चांगला चिलर. मत्स्यालयाचा दगडही सिरॅमिकचा किंवा मानवनिर्मित मिळतो. न्यू जर्सी किंवा दुबईत राहून हे वाचत असाल तर तिथले नियम वेगळे, पण दुकानदाराकडून कागद मागायची सवय तिथेही लावा.

चालू केल्यानंतरचे दोन महिने

नवा लाइट ३०-४० टक्क्यांवर सुरू करायचा आणि दर आठवड्याला ५ टक्क्यांनी चढवत न्यायचा. दोन महिने लागतात. या दोन महिन्यांत धीर सुटतो, हेच खरं. नवा प्रवाळ आला की तो आधी वाळूवर, मग दोन-तीन आठवड्यांनी वरच्या दगडावर. रंग फिका पडायला लागला तर खाली आणा. तपकिरी पडत असेल तर प्रकाश वाढवण्याआधी पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट तपासा, कारण खत जास्त झालं तरी शैवाळ वाढून प्रवाळ तपकिरी दिसतो. लाइट आणि पाणी दोन्ही एकाच आठवड्यात बदलू नका, नाहीतर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही.

पूर्ण प्रकाश ८ तास पुरे, आधी-नंतर तासभर चढ-उतार. जास्त तास ठेवून कमी ताकद भरून निघते का? काही प्रमाणात हो, पण रात्र खरी रात्र असायला हवी. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये जेमी क्रॅग्ज यांच्या टीमने 'प्रोजेक्ट कोरल'मध्ये टँकमधल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा, ऋतूंप्रमाणे तापमान आणि चंद्राच्या कला मूळ समुद्राशी जुळवल्या आणि २०१३ मध्ये बंद टँकमधल्या प्रवाळांना ठरवून प्रजनन करायला लावलं. २०१९ मध्ये फ्लोरिडा ॲक्वेरियमने त्यांच्याच मदतीने पिलर कोरलच्या बाबतीत ते साधलं. घरी चंद्राच्या कला लावायची गरज नाही. पण ज्या हॉलमध्ये रात्री एक वाजेपर्यंत ट्यूबलाइट आणि टीव्ही चालू असतो, तिथे टँक ठेवण्याआधी विचार करा.

मिठाचं पाणी उडत राहतं आणि लाइटच्या लेन्सवर पांढरा थर धरतो. आठवड्याला ओल्या फडक्याने पुसला नाही तर काही महिन्यांत प्रकाश गुपचूप कमी होत जातो आणि माणूस पाण्याच्या टेस्ट करत बसतो. तेच मीठ वायरींवरही चढतं. ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय खाऱ्या पाण्यावर लाइट टांगू नका, आणि प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली लोंबेल अशी सोडा, म्हणजे ओघळ बोर्डात न जाता खाली टपकेल.

लाइट गेली तर इन्व्हर्टरवर काय ठेवायचं, हा प्रश्न उरतो. आधी पाणी हलवणारे पंप, कारण मोठ्या टँकमध्ये पाणी थांबलं की काही तासांत ऑक्सिजन संपायला लागतो. मग, झेपत असेल तर, चिलर. एवढा महागडा लाइट शेवटी. एक दिवस अंधारात काढणं प्रवाळांना जमतं, समुद्रातही ढगाळ दिवस असतातच.